पुढच्यास ठेच लागली तरी...

'पुढच्यास ठेच, मागचा शहाणा' ही म्हण आपण शाळेपासून ऐकत आलो आहोत. दारूच्या बाबतीत ती सपशेल खोटी ठरते. ज्याच्या गल्लीतले दोन जण लिव्हर खराब होऊन गेले, ज्याच्या स्वतःच्या वडिलांनी घर धुळीला मिळवलं, असा माणूसही पितो. पुढच्याला लागलेली ठेच त्याला दिसलेली असते, अगदी जवळून दिसलेली असते. तिचा त्याला उपयोग होत नाही, एवढंच.

म्हणून व्यसनमुक्तीच्या कामात ठेच लागलेल्या माणसाकडून वेगळी अपेक्षा असते. 'बघा, माझं काय झालं' असं पुढे उभं राहून ओरडण्यात फारसा अर्थ नाही. त्यानं चार पावलं मागे यायचं आणि ज्याला आत्ता ठेच लागली आहे त्याच्याबरोबर काही महिने चालायचं. या कामाला इंग्रजीत 'पीअर रिकव्हरी कोच' म्हणतात. मराठीत अजून शब्द रुळलेला नाही. 'कोच' म्हटलं की आपल्याला शिट्टी वाजवणारे कबड्डीचे सर आठवतात, म्हणून मी इथं 'समअनुभवी सोबती' किंवा नुसतंच 'सोबती' म्हणणार आहे.

सोबती म्हणजे स्वतः व्यसनाच्या तडाख्यातून गेलेला, काही वर्षं त्यापासून दूर राहिलेला आणि या कामाचं थोडं रीतसर शिक्षण घेतलेला माणूस. तो डॉक्टर नाही, गोळ्या देत नाही. समुपदेशकही नाही, लहानपणी काय घडलं याचा तळ शोधत बसत नाही. अल्कोहोलिक्स अनॉनिमसमध्ये, म्हणजे आपण ज्याला 'ए.ए.' म्हणतो तिथं, नव्या माणसाला एखादा जुना सभासद हात देतो, त्याला 'स्पॉन्सर' म्हणतात. सोबती त्याच्या जवळचा नातेवाईक म्हणा, पण तोही नव्हे. स्पॉन्सर ए.ए.च्या बारा पायऱ्यांच्या वाटेनं नेतो आणि त्याबद्दल एक पैसाही घेत नाही. सोबत्याला अमुकच वाटेनं न्यायचं असं बंधन नसतं. कुणी ए.ए.च्या बैठकींना जाईल, कुणी मानसोपचारतज्ज्ञाचं औषध घेईल, कुणी गळ्यात माळ घालून वारीला जाईल. माळ घातल्यावर बाटली सुटलेली माणसं आपल्याकडे गावोगाव आहेत. ज्याला जे मानवेल त्यात त्याला टिकायला मदत करायची.

टिकणं हाच यातला खरा अवघड भाग आहे. दारू सुटते, ती सुटलेली राहत नाही.

समजा, चाळिशीचा एक माणूस आहे. साखर कारखान्यात फिटर. महिना-सव्वा महिना व्यसनमुक्ती केंद्रात राहून तो घरी निघतो. केंद्रात सकाळच्या प्रार्थनेपासून रात्रीच्या जेवणापर्यंत दिवस आखलेला होता. आता तो एस.टी. स्टँडवर उतरतो तेव्हा दुपारचे चार वाजलेत. घरचा रस्ता देशी दारूच्या दुकानावरून जातो. दुकानदार ओळखीनं हाक मारतो, 'काय फिटर, कुठं होता इतके दिवस?' त्यात दुष्टपणा काही नसतो. घरी बायको दार उघडते आणि बोलायच्या आधी किंचित पुढे होऊन वास घेते. तिला स्वतःला ते कळतही नाही, पंधरा वर्षांची सवय आहे. खिशात तिनंच मोजून दिलेले पैसे. सात तारखेला पगार. आणि पुढच्या महिन्यात गटारी.

केसपेपरवर यातलं काहीही लिहिलेलं नसतं. डॉक्टरांची पुढची तारीख पंधरा दिवसांनी आहे, आणि प्रश्न आज संध्याकाळी साडेसहाचा आहे. सोबत्याचं काम इथं सुरू होतं. तो विचारतो, "दादा, स्टँडवरून घरी जायला दुसरा रस्ता आहे का?" प्रश्न बाळबोध वाटतो. पण त्या फिटरला आजवर निर्धार, शपथ, आईची आण असलं पुष्कळ काही विचारलेलं असतं, रस्ता कुणी विचारलेला नसतो. दुसरा रस्ता असतो. पिठाच्या गिरणीमागून जातो, दहा मिनिटं जास्त लागतात. पहिले तीन महिने तोच वापरायचा असं ठरतं. मग पुढचे प्रश्न. पगार बँकेत जमा होतो हे ठीक, पण एटीएम कार्ड कुणाकडे ठेवायचं? सहा ते नऊ या वेळात कुठं असायचं? त्या वेळेला शरीर घड्याळ लावल्यासारखी आठवण करून देतं, आणि पोट रिकामं असेल तर ओढ आणखी वाढते. म्हणून सहाला काहीतरी खाऊन घ्यायचं, भाकरीचा तुकडा का होईना. गटारीचा बेत आठ दिवस आधी ठरवायचा. मेव्हण्याकडे जायचं का, की सोबत्याच्याच घरी जेवायला यायचं? त्या दिवशी सकाळी ठरवायला बसलं तर उशीर झालेला असतो.

आणि वास घेण्याचं काय? फिटर चिडलेला असतो. 'एवढं सोडून आलो तरी हिचा विश्वास नाही' ही तक्रार जवळपास प्रत्येक घरात ऐकू येते, आणि पुन्हा पिण्यासाठी ती उत्तम सबब असते. इथं समुपदेशक विश्वासाबद्दल पाच-दहा वाक्यं बोलेल, ती चुकीचीही नसतील. सोबती म्हणू शकतो, "माझ्या बायकोनं दोन वर्षं वास घेतला. मग एक दिवस विसरली." हे वाक्य पुस्तकात वाचून म्हणता येत नाही.

वहिनींशी बोलणं हाही याच कामाचा भाग. नवऱ्याला न कळत चहात किंवा भाजीत 'दारू सोडवायचं औषध' घालणाऱ्या बायका आपल्याकडे कमी नाहीत. भिंतीभिंतींवर तशा जाहिराती असतात. यातलं डायसल्फिराम हे खरं औषध आहे. डॉक्टरांच्या देखरेखीखाली, रुग्णाला सगळं सांगून, त्याच्या संमतीनं दिलं तर कामाचं आहे. चोरून दिलं आणि तो माणूस त्यावर प्यायला, तर चेहरा लाल होतो, छाती धडधडते, रक्तदाब एकदम उतरतो आणि प्रसंगी जीवही जातो. डॉक्टर हे सांगतात, पण डॉक्टरांसमोर ती बाई कबूलच करत नाही. ज्याच्या स्वतःच्या ताटात असं औषध पडलेलं आहे, त्याच्यापुढे मात्र ती बोलते.

ही कल्पना अगदी नवी आहे असं नाही. अठराव्या शतकाच्या अखेरीस पॅरिसजवळच्या बिसेत्र रुग्णालयात झाँ-बाप्तिस्त प्युसां नावाचा एक माणूस मनोरुग्णांच्या विभागाचा प्रमुख होता. तो तिथं आला होता गंडमाळांचा रुग्ण म्हणून, बरा झाला आणि तिथंच राहिला. मनोरुग्णांची देखभाल करायला त्यानं त्यांच्यातलीच बरी झालेली माणसं नेमली, कारण ती मारहाण करत नाहीत हे त्याला दिसलं होतं. १७९३ मध्ये तिथं आलेल्या डॉ. फिलिप पिनेल यांनी हे पाहून लिहून ठेवलं. वेड्यांच्या बेड्या पिनेलनी तोडल्या असं चित्र प्रसिद्ध आहे, पण बिसेत्रमधल्या बेड्या काढल्या त्या प्युसांनी, १७९७ मध्ये. चित्रात डॉक्टर असलेला बरा दिसतो, दुसरं काय!

व्यसनापुरतं बोलायचं तर गोष्ट सुरू होते अमेरिकेतल्या ओहायो राज्यातल्या अॅक्रन गावात, मे १९३५ मध्ये. बिल विल्सन हा न्यूयॉर्कचा शेअर बाजारातला माणूस धंद्याच्या कामासाठी तिथं आला होता आणि ते काम फसलं होतं. दारू सोडून त्याला जेमतेम पाच महिने झाले होते. हॉटेलच्या लॉबीत एका बाजूला बारमधला गलका, दुसऱ्या बाजूला टेलिफोन. त्यानं फोन उचलला आणि गावातल्या चर्चच्या यादीतले नंबर फिरवत एकच विचारणा केली. ज्याच्याशी बोलता येईल असा एखादा दारुडा या गावात आहे का? त्यातून त्याची गाठ पडली डॉ. रॉबर्ट स्मिथ या शस्त्रक्रिया करणाऱ्या डॉक्टरांशी. डॉक्टर पंधरा मिनिटांच्या बोलीवर आले आणि कित्येक तास बसले.

या प्रसंगातली महत्त्वाची बाब बहुधा सांगायची राहून जाते. त्याआधीचे पाच महिने विल्सन न्यूयॉर्कमध्ये दारुड्यांना सुधारण्यासाठी धडपडत होता. त्यातला एकही सुधारला नव्हता. त्याच्यावर उपचार करणाऱ्या डॉ. विल्यम सिल्कवर्थ यांनी त्याला सुनावलं होतं की प्रवचनं थांबव आणि हा आजार काय आहे ते सांग. अॅक्रनमध्ये त्यानं प्रवचन दिलं नाही, कारण तो दुसऱ्याला वाचवायला गेलाच नव्हता. स्वतःला प्यावंसं वाटत होतं म्हणून गेला होता. डॉक्टर स्मिथना उपदेशाची सवय होती. समोरचा माणूस आपल्याकडून काही मागतो आहे, हा अनुभव त्यांना नवा होता. त्यानंतरही ते एकदा घसरले, एका वैद्यकीय अधिवेशनाला गेले आणि पिऊन परतले. १० जून १९३५ हा त्यांच्या शेवटच्या पेल्याचा दिवस, आणि तोच ए.ए.चा स्थापना दिवस मानला जातो.

मदत करणाऱ्याचाच आजार मदतीनं आटोक्यात राहतो, हे पुढे समाजशास्त्रज्ञ फ्रँक रीसमन यांनी १९६५ मध्ये तत्त्व म्हणून मांडलं. शिक्षकी पेशातल्या लोकांना हे वेगळं सांगायला नको. गणित खरं समजतं ते दुसऱ्याला शिकवताना.

पण याच तत्त्वात एक धोका दडलेला आहे, आणि या कामाचं शिक्षण मुख्यतः त्या धोक्याबद्दल असतं. स्वतःची गोष्ट सांगताना बरं वाटतं. फार बरं वाटतं. समोरचा आपल्या रात्रीबद्दल बोलू लागला की सोबत्याला 'अरे, हे तर काहीच नाही' म्हणून आपली १९९८ सालची रात्र सांगायचा मोह होतो. मग वीस मिनिटं तो बोलतो, समोरचा मान डोलावतो आणि त्याच्या पोटातलं पोटातच राहतं. म्हणून प्रशिक्षणात एक सवय अंगी बाणवतात. आपला अनुभव तोंडावर आला की क्षणभर थांबायचं आणि स्वतःला विचारायचं, हे मी कुणासाठी सांगतो आहे? त्याच्यासाठी असेल तर दोन वाक्यांत सांगायचं आणि गप्प बसायचं. वास घेण्याचं वाक्य किती लहान होतं पाहा. त्यात बायकोचं नाव नाही, भांडणं नाहीत, आपण कसे सावरलो याची शौर्यकथाही नाही.

दुसरी चूक याहून मोठी आहे. 'मी असा सुटलो, तूही असाच सुट.' अनुभव हा एकाच माणसाचा असतो, हे अनुभवी माणूस फार लवकर विसरतो. आपल्या देशात परवान्याविना चालणाऱ्या काही व्यसनमुक्ती केंद्रांत रुग्णांना बांधून ठेवल्याच्या, मारहाणीच्या, त्यात मृत्यू झाल्याच्या बातम्या अधूनमधून येतात. अशा केंद्रांत हात उगारणारे पुष्कळदा स्वतः एकेकाळचे व्यसनी असतात. 'मी मार खाऊनच सुधारलो' हे त्यांचं म्हणणं मनापासूनचं असतं, आणि म्हणूनच ते भयंकर आहे. बिसेत्रमध्ये बरी झालेली माणसं मारत नव्हती ती त्यांच्यावर प्युसांची नजर होती म्हणून. नुसता पूर्वीचा आजार माणसाला दयाळू करत नाही. कुणाला आपल्या हाताखाली शिकवायला, लक्ष ठेवायला कुणीतरी लागतं. अनुभवाची महती गाताना ही बाजू झाकली जाते, आणि मला वाटतं ती पहिल्यांदा सांगितली पाहिजे.

सोबत्यानं कुठं थांबायचं, याचीही मर्यादा आखलेली असते. रोज भरपूर पिणाऱ्यानं एकदम बंद केली, तर पहिल्या दोन-तीन दिवसांत हातपाय कापतात, काहींना फिट येते, काहींना भास होऊन भान हरपतं. यात माणूस दगावू शकतो. 'मी घरीच कांबळं पांघरून सोडली होती' हा सोबत्याचा अनुभव इथं निरुपयोगी आणि घातक. अशा माणसाला दवाखान्यातच न्यायचं. ब्राऊन शुगर घेणाऱ्यांच्या बाबतीत धोका उलट्या टोकाला असतो. काही आठवडे बंद राहिल्यावर शरीराची सहनशक्ती उतरलेली असते, आणि तो पूर्वीच्याच मात्रेवर गेला तर श्वास थांबून मरण येतं. केंद्रातून बाहेर पडल्यानंतरचे दिवस म्हणूनच सर्वांत जोखमीचे. हे सोबत्यानं आधी, स्पष्ट शब्दांत सांगायचं असतं. 'असलं अशुभ कशाला बोलायचं' हा संकोच इथं परवडत नाही.

पैसे उसने द्यायचे नाहीत, गुत्त्यावर एकट्यानं आणायला जायचं नाही, आणि तिकडे ऐकलेलं इकडे बोलायचं नाही. छोट्या गावात हे शेवटचं सगळ्यात कठीण. चहाच्या टपरीवर 'काय, आपला फिटर कसाय आता?' एवढ्या साध्या चौकशीला काय उत्तर द्यायचं, याचा सराव करून ठेवावा लागतो.

याचा उपयोग किती होतो? यावर अभ्यास झालेले आहेत आणि त्यांचं म्हणणं बेताचं आहे. मानसिक आजारातून गेलेल्या मदतनीसांवरचे अकरा अभ्यास २०१३ मध्ये कॉक्रेन या संस्थेनं एकत्र तपासले. तेच काम करणाऱ्या व्यावसायिकांच्या तुलनेत हे मदतनीस ना सरस ठरले ना कमी. काहींना हा निकाल निराशाजनक वाटला. मला तो उलट वाटतो. पदवी नसलेला माणूस पदवीधराइतका उपयोगी पडतो, हे आपल्यासारख्या देशात काय कमी आहे? २०२० मध्ये याच संस्थेनं ए.ए.वरचे सत्तावीस अभ्यास तपासले. सलग दारूपासून दूर राहण्याच्या कसोटीवर, लोकांना पद्धतशीरपणे ए.ए.कडे नेणारे कार्यक्रम इतर मान्य उपचारपद्धतींपेक्षा सरस दिसले. ज्या गटात एकही डॉक्टर डॉक्टर म्हणून बसत नाही, त्या गटाबद्दलचा हा निष्कर्ष आहे.

अमेरिकेत १९९९ पासून जॉर्जिया राज्यानं अशा मदतीचा मोबदला सरकारी आरोग्य योजनेतून द्यायला सुरुवात केली. २००७ मध्ये तिथल्या केंद्र सरकारनं इतर राज्यांसाठी त्याच्या अटी कळवल्या. सोबत्याचं प्रशिक्षण आणि प्रमाणपत्र हवं, त्याच्या कामावर जाणकाराची देखरेख हवी आणि ते काम रुग्णाच्या एकूण उपचारांशी जोडलेलं हवं.

आपल्याकडे नाव नव्हतं, काम मात्र होतं. अनिल अवचटांच्या गर्दवरच्या लेखनानं अस्वस्थ झालेल्या पु. ल. आणि सुनीताबाई देशपांडे यांच्या देणगीतून, डॉ. अनिता अवचट यांच्या पुढाकारानं २९ ऑगस्ट १९८६ रोजी पुण्यात 'मुक्तांगण' सुरू झालं. उपचार घेऊन बरे झालेले रुग्णच पुढे तिथं कार्यकर्ते होतात, समुपदेशक होतात, ही तिथली रीत सुरुवातीपासूनची. नव्या रुग्णाला दारातच असा माणूस भेटतो, जो एकेकाळी त्याच्यासारखाच थरथरत आत आलेला होता.

गरजेच्या मानानं हे किती पुरं पडणार? केंद्र सरकारनं करवून घेतलेल्या आणि २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या पाहणीनुसार देशात दारूमुळे मदतीची गरज असलेली माणसं पाच कोटी सत्तर लाखांच्या घरात आहेत. दारूच्या पुरतं आहारी गेलेल्या अडतीस जणांपैकी एकालाच काही ना काही उपचार मिळाल्याचं त्या पाहणीत दिसलं. एवढ्यांसाठी मानसोपचारतज्ज्ञ कुठून आणणार? व्यसन सोडून दहा-दहा वर्षं झालेली माणसं मात्र प्रत्येक तालुक्यात आहेत, आणि त्यातली बरीच जण लाजेपोटी गप्प आहेत. बायकांची लाज तर दुप्पट. पिणाऱ्या बाईला पुरुषांनी भरलेल्या बैठकीत पाऊल टाकणं कठीण जातं. तिला सोबतीण हवी असते, आणि ती मिळणं आज सगळ्यात अवघड आहे.

अशा माणसांना फुकट राबवून घेण्याची एक सोयीस्कर प्रथा पडू पाहते. 'तुम्हाला तर सेवेचं समाधान मिळतं' असं म्हटलं की मानधनाचा विषय संपतो. ए.ए.तली सेवा निराळी, ती देणारा आपल्या खुशीनं देतो. रुग्णालयानं किंवा संस्थेनं सोबत्याला रात्री-अपरात्री फोन उचलायला लावायचं असेल, तर त्याला पगार हवा, सुट्टी हवी, आणि स्वतःचं मन हलकं करायला कुणीतरी हवं. कारण त्याचाही पाय घसरू शकतो. घसरला तर त्याला गुपचूप कामावरून काढून टाकायचं, की एरवी रुग्णाला देतो तशीच मदत त्याला द्यायची, हे संस्थेनं आधी ठरवून ठेवावं.

ज्यांना हे काम करावंसं वाटतं, त्यांनी सोडून निदान दोन वर्षं होईपर्यंत घाई करू नये असा जाणत्यांचा सल्ला असतो. तोपर्यंत आपल्या भागातल्या बैठकीला अर्धा तास आधी जायचं, खुर्च्या लावायच्या, चहा करायचा. नवा माणूस भाषण करणाऱ्याशी सहसा बोलत नाही. कोपऱ्यात कप विसळणाऱ्याला तो हळूच विचारतो, "तुम्हाला किती दिवस झाले?"